ढील न देणारा सावंत

माणूस भेटला की सावंत त्याच्या तोंडाकडे नाही, उजव्या हाताकडे बघायचा. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात गिऱ्हाइकं मी आणायचो, सॉफ्टवेअर तो लिहायचा. औषधांच्या बाटल्यांची लेबलं बनवायची: नावाची, किमतीची चौकट माऊसने उचलायची, हवी तिथे सोडायची. सावंतने हे इतकं नाजूक केलं होतं की बटण दाबून हात केसभर हलला तरी चौकट निघालीच.

"अरे, थोडी ढील दे," मी म्हणायचो. "लोक नुसतं क्लिक करतात तरी सरकते."

"मेल्या, हात स्थिर नाय तर माऊसाक हात कशाक लावतत?"

मी दारोदार प्रिंटरचा टोनर विकत वर आलेला. भाव करण्यात कोणाला हरलो नाही, पण सावंतापुढे माझं चालायचं नाही. त्याचं काम खरोखर झकास होतं.

मुलुंडच्या एका औषधवाल्याला मी महिनोन्‌महिने घासाघीस करून पटवलं. शेठनी चाचणीला आपले जुने कारकून तांबेकाकांना बसवलं. रोज लेबलं तेच करणार होते. काकांची बोटं थरथरायची. क्लिक केलं की चौकट सरके. तिसऱ्यांदा सरकली तेव्हा सावंत सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, घराक जावन जपमाळ ओढा. थंय थरथर चलता."

शेठ उठले. "माझ्या माणसाला बोलतोस? चल, निघ."

काम गेलं. आमची भागीदारीही त्याच दिवशी शिव्यांनी संपली. पुढे मी त्याच सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याकडून ढील घालून घेतली. हात नीट ओढल्याशिवाय चौकट उचलली जात नाही, आणि ढील किती ते मला ठरवता येतं. धंदा वाढला.

मागच्या वर्षी सावंत दारात उभा. लकव्याच्या झटक्यातून उठलेला, उजवा हात सारखा हलत होता. "काम दे रे. कायव करीन. घरात बायल एकटी राबता."

"देतो ना. आधी एक लेबल करून दाखव," म्हटलं, आणि मशीन लावून देताना ढील शून्यावर आणली.

त्याने क्लिक केलं, चौकट सरकली. पुन्हा सरकली. ऑफिसातली पोरं हसू दाबत होती. मी त्यांना अडवलं नाही.

"शून्य केलंस?"

"हो."

त्याने माऊस बाजूला सारला. कीबोर्डवरच्या बाणांच्या बटणांनी, डाव्या हाताने, एकेक चौकट जागेवर नेऊन बसवली. "झाला. बघ."

खोट काढायला मी चष्मा लावून बघितलं. सापडली नाही. "कळवतो," म्हटलं.

ते लेबल मी आजही नव्या गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवतो. सावंतला काही कळवलं नाही.