दिवस बुडाल्यावरचा पुरावा

अर्जदार, पापड लाटणारी एक जैन विधवा. गैरअर्जदार, अल्पसंख्याक कर्ज योजनेचे साहेब. साक्षीदार, कार्यालयाचा शिपाई व अस्मादिक अर्जनवीस. दिनांक, हिवाळ्यातील एक सोमवार. आज शेलूबाजारात भाजल्या मूगपापडाचा वास आला आणि ते प्रकरण जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहिले. लाटून लाटून बाईचे मनगट निकामी झाले होते, म्हणून तिला पापडाचे यंत्र घ्यावयाचे होते. साहेब म्हणाले, “शाळेच्या दाखल्यावर तर हिंदू वाणी आहे. जैन कशावरून?” मी शासन निर्णय ऐकवीत राहिलो आणि खिडकीबाहेर अंधारून आले. शिपायाने चहा पुढे केला. “घ्या ना बाई, दुपारपासून उपाशी बसून राह्यल्या.” घसा कोरडा पडलेला असूनही तिने कप मागे सारला. “दिवस बुडाला भाऊ. आता पाणीसुद्धा सकाळीच.” मी ताडकन उठलो. “साहेब, जैन असल्याचा आणखी कोणता पुरावा पायजे तुमाले?” साहेब हसले. “हा अर्जाला जोडायचा कसा?” “मी लिहितो, तुमी सोता पाह्यलं म्हणून सही करा.” त्यांनी सही केली आणि महिन्याभरात यंत्र आले. सबब, मला निव्वळ फॉर्म भरणारा म्हणणाऱ्या वकील मंडळींनी असा पुरावा आपण कधी दाखल केला आहे काय, याचा लेखी खुलासा करावा, ही विनंती.