मातीच्या बालवाडीतला मुक्काम

त्या आर्किटेक्टचं नाव मी लिहीत नाही, त्याला ते खपणार नाही. सिमेंट परमिटवर मिळायचं त्या दिवसांत तो आलापल्लीजवळच्या आमच्या गावात मातीची बालवाडी बांधायला आला. मी तिथे मास्तर होतो. गावच्या बायांसोबत तो माती तुडवायचा, त्यांना विचारून कधी धानाचं तणीस, कधी बेलाचा गर मिसळायचा आणि वाळलेला प्रत्येक गोळा कानाशी नेऊन टिचकी मारायचा.

बालवाडी उभी राहिली तेव्हा एका बाईनं विचारलं, "भाऊ, पावसात हे भिंत पोरांवर पडन तं?"

तो म्हणाला, "पहिला पावसाळा मीच राहतो इथं. मग पोरं आणा."

ऐन धानाच्या रोवणीत चंद्रपूरला त्याच्या या कामाचा सत्कार ठरला. हा गेलाच नाही. त्याच्या वतीनं मी गेलो, तर आयोजकांनी शाल-नारळ माझ्यासोबत पाठवले. मी परत बालवाडीत पोचलो तेव्हा तो भिंतीला पाठ लावून तांदूळ निवडत होता.

"निदान सत्काराला तरी यायचं," मी चिडून म्हणालो.

"पाऊस सुरू आहे ना," तो म्हणाला.

तेवढ्यात तीच बाई भिजत आली. कडेवरची लेक तिनं त्याच्या शेजारी, भिंतीला टेकवून बसवली.

"हिले पाहजा भाऊ. मी रोवण्याले जातो."

शाल त्यानं तेव्हा कुठे हातात घेतली, पोरीचं डोकं पुसायला.