उपाशी न्यायचं लेकरू

जानेवारीतला दुसरा सोमवार, नांदेड. हजर : मी, माझी लेक, तिचा आठ महिन्यांचा मुलगा आणि माझी थोरली बहीण अक्का. गैरहजर : विहीणबाई. गाडीत जागा नाही, असं मी त्यांना सांगितलं होतं. जागा होती. पण लेकरू रडलं की त्या काहीतरी भरवतात, आणि तपासणीला ते उपाशी लागणार होतं. अक्कावर माझा भरवसा. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं.

नातवाला दोनदा न्यूमोनिया झाला होता. दूध फुप्फुसात उतरतंय का, हे लातूरच्या डॉक्टरांना बघायचं होतं. उतरत असेल तर तोंडानं पाजणं बंद आणि नळी. या तपासणीत किंचित किरणोत्सारी औषध घातलेलं दूध पाजतात, कॅमेऱ्याखाली निजवतात आणि दूध कुठं जातं ते पाहतात. अक्काला हे सगळं मी नीट समजावलं होतं. "हाव," म्हणाली होती.

वाटेत अहमदपूरला लेक पाय मोकळे करायला उतरली, मी चहा आणायला. लेकरू अक्काच्या मांडीवर.

लातूरच्या सेंटरमध्ये तिथल्या टेक्निशियननं विचारलं, "बाळ उपाशी आहे ना?"

"हो," मी ठणकावून सांगितलं, आणि नातवानं माझ्या खांद्यावर बिस्किटाचा लगदा ओकला.

"आज नाही जमणार, मावशी. हे औषध सोमवारीच येतं, उद्यापर्यंत टिकत नाही. पुढच्या सोमवारी या."

मला वाटलं, अक्काला दया आली असेल. बाहेर बाकावर विचारलं.

"दया कशाची? ते किरणाचं दूध लेकराच्या पोटात जाऊ द्यायचं न्हवतं मला."

"मग हाव कशाला म्हणालीस?"

"न्हाई म्हणले असते तर नेलं असतंस व्हय मला?"

लेकरू खोकत होतं, लेक त्याची पाठ चोळत राहिली. परतताना अक्का खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली. ते मला जास्त लागलं.

पुढच्या सोमवारची गाडी सांगितली. कागद पिशवीत भरले, दुपटी जादा घेतली. कागदांमागे मी धावणार, तेव्हा लेकीजवळ कुणीतरी हवंच. विहीणबाईंना या म्हणायचं आहे. त्या भरवायला बघतील, पण उघडपणे; थांबवता येईल. आता जागा कुठून झाली, हे त्या विचारणारच.

फोन अजून केलेला नाही.