उघडणारी खिडकी

व्हॅन घ्यायची ठरली ती आईमुळे, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे घरात जो घोळ झाला त्यात नेमकी हीच गोष्ट सगळ्यांच्या डोक्यातून गेली. माझ्यासुद्धा.

आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, बेलव्ह्यूला आली होती. बंद खोलीत तिचा जीव घाबरा होतो. आजार म्हणावा तर तसं काही नाही, डॉक्टरांनी सगळं तपासून झालंय. पण खिडकी उघडता येत नसेल तर ती थोडा वेळ कशीबशी काढते आणि मग उठून बाहेर जाऊन बसते. आमच्या घरात प्रश्न नव्हता, तिच्या खोलीची खिडकी सरकायची. पहिल्याच महिन्यात आम्ही मोठ्या हौसेनं तिला समुद्र दाखवायला नेलं. हॉटेलात चौथ्या मजल्यावरची खोली, समोर नुसतं पाणी, आणि काच भिंतीत कायमची बसवलेली. आईनं कडी शोधली. पडद्यामागे हात घालून शोधली, वाकून खालून शोधली. मग पर्स उचलली आणि लॉबीत जाऊन बसली. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही सामान पुन्हा गाडीत टाकून परत निघालो. सगळ्या रस्त्यात ती एकच वाक्य बोलली, "माझ्यापायी तुमची सुट्टी वाया गेली." ते ऐकून मला रडू आलं.

तेव्हा मीच म्हटलं, कॅम्पर व्हॅन घेऊ. उशाशी उघडणारी खिडकी असेल, आई जायच्या आधी दोन दिवस समुद्राकाठी राहू. काम एवढंच होतं.

पण ते काम गेलं माझ्या नवऱ्याच्या हातात. हा माणूस टोस्टर घ्यायचा तरी तीन आठवडे रिव्ह्यू वाचतो. व्हॅन म्हटल्यावर त्याच्या अंगात आलं. त्यानं एक्सेल उघडलं आणि त्यात तीन पानं केली: खिडक्या, हवा, इन्सुलेशन. जेवताना इन्सुलेशन, भांडी लावताना इन्सुलेशन. लोकरीचं बरं की फोमचं, पत्र्याच्या आतून पाणी धरतं का, मजल्याखाली किती जाडीचं घालायचं. आई मुकाट्यानं त्याच्या वाटीत ताक वाढायची.

"अरे, आईला उघडणारी खिडकी पाहिजे," मी म्हणायची.

"अगं, खिडकी म्हणजे भिंतीला भोक. जेवढी काच जास्त तेवढी हीट लॉस. शिवाय कंडेन्सेशन होतं ते वेगळंच."

"म्हणजे खिडकीच नको?"

"खिडकी आहे ना, चांगली मोठी घेऊ. पण फिक्स्ड. उघडणारीचे सील्स लीक होतात, रिव्ह्यूज वाच ना यार. वरती रूफ फॅन आहे, व्हेंटिलेशन तो करेल."

हे संभाषण आमच्यात किती वेळा झालं याची गणती नाही. दर शनिवारी एक शोरूम आणि दर रविवारी त्या शोरूमवर चर्चा. बाहेर उन्हाळा येऊन निम्मा सरला. आईच्या परतीच्या तिकिटाची तारीख फ्रिजवर चिकटवलेली होती, ती त्याला दिसत नव्हती का, कोण जाणे. मी इतकी वैतागले होते की एकदा त्याचा लॅपटॉप खाडकन बंद केला. त्यानं शांतपणे विचारलं, "सेव्ह केलं होतंस का?"

शेवटी एक व्हॅन त्याच्या तिन्ही पानांना उतरली. आम्ही आईला घेऊन बघायला गेलो. विक्रेता भला माणूस होता, त्यानं आईला चढायला छोटी पायरी आणून दिली. आई पलंगावर बसली. शेजारच्या मोठ्या काचेवर तिनं हात ठेवला आणि चौकटीवरून बोटं फिरवत हळूच मला विचारलं, "उघडते का गं ही?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "आई, ही उघडत नाही, पण वरती पंखा आहे ना, तो आतली सगळी हवा खेचून बाहेर टाकतो. एकदम पॉवरफुल. कशी वाटली व्हॅन?"

आईनं ओढणी सारखी केली. "छान आहे, जावईबापू."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की बघ, झालं ना समाधान.

इथं मला स्वतःचा राग येतो. आमच्या घरात सासू जावयाच्या तोंडावर नाही म्हणत नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली, अजून आई त्याला अहोजाहो करते, पहिलं पान त्याचं वाढते, त्यानं केलेला करपलेला उपमासुद्धा तिनं छान म्हणून संपवलाय. मला हे माहीत नव्हतं का? आईला एखादी वस्तू खरंच आवडली की ती आधी त्यात खोड काढते. रंगच बरा नाही, पट्टाच आखूड आहे, असं काहीतरी. नुसतं 'छान आहे' म्हणाली की समजायचं, पसंत नाही. तिची मुलगी असून मी ते ऐकलं, ओळखलं, आणि गप्प बसले. कारण मी बोलले असते तर ते एक्सेल पुन्हा उघडलं असतं. मला ते संपवायचं होतं, बस. नवऱ्यानं सही केली.

आईच्या विमानाला तीन आठवडे उरले असताना आम्ही निघालो. समुद्र गाठला तेव्हा दुपार होती आणि पाऊस लागला होता. नवऱ्यानं काय काय सोय केली होती! पुढच्या काचांना जाड झाकणं, ड्रायव्हरच्या सीटमागे जाड पडदा, दार घट्ट बंद. आतली ऊब बाहेर जायला फट म्हणून नाही. मी चहा ठेवला. ओले कोट दारापाशी टांगले. वरचा पंखा घुमत होता. दहा मिनिटांत त्या मोठ्या काचेवर पाण्याचे ओघळ सुटले आणि पलीकडचा समुद्र दिसेनासा झाला. आईनं रुमालानं काच पुसली, पुन्हा पुसली. मग तिचा हात थांबला. तिचा चेहरा मी ओळखला.

ती उठली आणि तिनं सरकतं दार जोर लावून उघडलं. दाराच्या पायरीवर शाल घेऊन बसली. पाऊस तिच्या पायांवर येत होता. नवरा घाबरला, छत्री आणतो म्हणून कॅम्पच्या ऑफिसकडे पळाला.

मी तिच्या मागे येऊन बसले. श्वास जरा जागेवर आल्यावर ती म्हणाली, "आपण कूलर लावतो तेव्हा समोरची खिडकी उघडतो की नाही? नुसता पंखा फिरून काय होते? हवा आत यायला जागा पायजे ना."

सगळं बालपण मी त्या कूलरसमोर काढलं. कूलर लावला की आधी समोरची खिडकी, हे आमच्याकडे पोराटोरांनाही कळतं. आम्ही दोघं इंजिनियर तीन पानांचं एक्सेल करत बसलो होतो.

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस?" मी चिडून विचारलं.

"जावयासमोर मी कशी बोलू? तू होती ना तिथं."

छत्री आली, तोवर तिची गरज उरली नव्हती. त्या दिवशीही आम्ही संध्याकाळच्या आतच परत निघालो.

नवऱ्याला खरंच वाईट वाटलं, हे मान्य करायला हवं. त्यानं दुसऱ्या दिवशी चार वर्कशॉपना फोन केले. व्हॅनची भिंत कापून बाहेर उघडणारी खिडकी बसवून मिळणार होती, पण सगळ्यात लवकरची तारीख आईच्या विमानानंतरची होती. आई गेली. नंतर ठरल्या दिवशी नवरा रजा टाकून वर्कशॉपमध्ये उभा राहिला. त्याच्या लाडक्या लोकरीचा एक मोठा चौकोन कापून निघाला, तो त्यानं घरी आणलाय. का आणलाय, त्यालाच ठाऊक.

रविवारी व्हॅनमधूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. नवऱ्यानं कडी फिरवून दाखवली, खिडकी बाहेर ढकलून दाखवली, जाळी सरकवून दाखवली. "कशी आहे, आई?"

"छान आहे, जावईबापू."

मी नवऱ्याला म्हटलं, "तू जरा बाहेर जा." तो काही न विचारता उतरला. मी दार लावून घेतलं आणि फोन खिडकीजवळ धरला. "आता सांग. खरं सांग."

आईनं चष्मा लावला, नीट बघितलं. "कडी जरा उंचावर बसवली," ती म्हणाली. "निजल्या निजल्या हात नाही पोचायचा. पण खिडकी चांगली आहे गं." मग म्हणाली, "माझ्यानं आता पुन्हा एवढा प्रवास नाही व्हायचा. तुम्ही जा."