इतिहासासकट न्या

शनिवारी माझ्या भावाचं वर्षश्राद्ध होतं. मी धुळ्याला होते. त्याच दिवशी जळगावच्या आमच्या ऑफिसात त्याच्या प्रोग्रॅमचा रेपो दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर हलवला.

प्रोग्रॅम जिनिंगच्या आणि डाळमिलच्या वजनकाट्यांचा. ट्रक काट्यावर चढला की वजन घ्यायचं, पावती छापायची. भावाने तो पहिल्यापासून लिहिला. मी त्याच ऑफिसात माहितीपुस्तिका लिहिते आणि नवा बदल नीट चालतो का ते तपासते. रेपो म्हणजे काय हे मला त्यानेच शिकवलं. कोडमधला प्रत्येक बदल तिथे जपला जातो. तो कोणी केला, कधी केला आणि का केला, यासकट.

'का' लिहिताना बहुतेक जण एखादा शब्द टाकून मोकळे होतात. माझा भाऊ काटेवाल्याने फोनवर जे सांगितलं ते त्याच्याच अहिराणीत लिहायचा. ‘नरडाणाना काटा पानी पडनं का जड दखाडस.’ म्हणजे पाऊस पडला की नरडाण्याचा काटा जास्त वजन दाखवतो. आणि दुरुस्ती झाल्यावर, ‘आते बठ्ठं बरोबर शे. आठे हात नका लावज्यात.’ आता सगळं बरोबर आहे, इथे हात लावू नका. आमचे वडील शिक्षक. घरात अहिराणी बोललेली त्यांना चालत नसे, त्यामुळे भावाची ही भाषा मी घरात कधी ऐकलीच नाही. तो गेल्यावर जेवणाच्या सुट्टीत मी त्या नोंदी वाचत बसे.

जुना सर्व्हर सारखा बंद पडत होता. तो सोडायचं ठरलं तेव्हा मी अडवलं नाही. टेक्निकल हेड माझ्याहून बराच लहान आहे. त्याला एवढंच म्हणाले, "इतिहासासकट न्या."

"हो अक्का, त्यात काय! एका कमांडचं काम."

खरंच एका कमांडचं काम आहे. म्हणून तर संताप येतो.

सोमवारी नवी जागा उघडून पाहिली. आत एकच नोंद. तिच्याखाली टेक्निकल हेडचं नाव. सगळा कोड जणू त्याने एकट्याने शनिवारी बसून लिहिला होता.

"इतिहास कुठे आहे?" मी विचारलं.

"कोड सगळा आलाय ना अक्का? एक ओळ कमी असेल तर दाखवा."

"मी इतिहास म्हटलं होतं."

"त्या गावठी नोंदी? अहो, पुण्याची पार्टी रेपो बघणार आहे. हसतील. मी तर उलट दादाची लाज राखली."

लाज! हा स्वतः पिंपळनेरचा. आईचा फोन आला की जिन्यात जाऊन तिच्याशी अहिराणीतच बोलतो. स्वतःची लाज त्याने माझ्या भावाच्या नावावर टाकली.

मी मालकांकडे गेले. त्यांचं घराणं मूळ राजस्थानचं. दाणाबाजारातली पेढी सांभाळून ते हे ऑफिस चालवतात.

"शेठ, जुना इतिहास अजूनही जोडता येतो. मी जोडून देते."

"आता सगळ्यांनी त्याच्यावर काम सुरू केलंय अक्का. परत उलथापालथ नको. दुकान हलवताना जुना केर कोणी बरोबर नेतो का?"

"तुमच्या पेढीच्या पाटीवर आजोबांचं नाव आहे. पेढी हलवलीत तर पाटी केरात टाकाल?"

ते हसले. "तुम्ही पुस्तकं फार वाचता," म्हणाले आणि चहा सांगितला. मी चहा न घेता उठले.

अक्का अजून दुःखात आहे, असं ऑफिसात एकमेकांना सांगतात. दुःखात मी आहेच. पण भाऊ जिवंत असता तर त्याचं नाव काढून तिथे आपलं टाकण्याची यांच्यात कुणाची छाती झाली असती? मी धुळ्याला त्याचं पिंडदान पाहत बसलेली असताना यांना सोयीचा दिवस सापडला, आणि वर मीच समजून घ्यायचं.

नंतर सगळ्यांना मेल आला: आपापल्या संगणकावरची रेपोची जुनी प्रत काढून टाका, नवी उतरवून घ्या. जुना सर्व्हर बंद झाला. मी नवी प्रत घेतली, जुनी काढली नाही.

प्रोग्रॅम चालू आहे. नव्या प्लॅटफॉर्मवर माझ्या भावाचं नाव नाही. त्याच्या नोंदी आता फक्त माझ्या संगणकावर आहेत.