काकूंचं चित्र राहून गेलं

आमच्या सरांचा विषय निघाला की चहा दोनदा गरम करावा लागतो. नव्वदच्या दशकात दर रविवारी त्यांच्याकडे चित्रकला शिकायला जाणाऱ्या आम्ही चौघी, आता सगळ्या चाळिशीपार. हात कुणाचाच बसला नाही, किस्से तेवढे जमले.

*

पहिल्याच दिवशी सरांनी आमच्या पेट्यांतून काळ्या रंगाच्या ट्यूब काढून घेतल्या. "सावली काळी नसते. नीट बघा. जांभळी असते, निळी असते."

मी घरी जाऊन आईला सांगितलं, "आपल्या कडुलिंबाची सावली जांभळी आहे." आईने दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे माझा नंबर लावला.

*

सर घरात बसून फारसं काढत नसत. सकाळी गोदाकाठच्या भाजीबाजारात चित्राचा स्टँड लावायचे आणि ऊन सरकायच्या आत भराभर रंगाचे ठिपके. एकदा मेथी विकणाऱ्या मावशींना काढलं. मावशी चित्र बघायला आल्या.

"मास्तर, मला नाक नाय?"

"लांबून बघा, मावशी. दिसेल."

मावशी चार पावलं मागे गेल्या, मग आठ, मग घाटाच्या पायऱ्या चढून पार वर. तिथून हाक आली, "लय लांब आले, तरी नाय!"

*

सरांचं घर इंदिरानगरला. तेव्हा तिकडे यायला रिक्षावालेही नाक मुरडायचे. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आम्हाला पोहे देता देता म्हणायच्या, "तुमच्या सरांनी अख्ख्या नाशिकची माणसं काढली. मी तेवढी राहिले. आम्ही पडलो गावाबाहेरचे."

सर वर न बघता म्हणायचे, "तू कुठे पळून चालली आहेस? तुझं काय, कधीही काढीन."

हे आम्ही किती वर्षं ऐकलं, देव जाणे.

*

एकदा काकू मला हळूच म्हणाल्या, "तूच काढ गं माझं. त्यांना नको सांगू."

मला कोण आनंद. तासभर खपले. काकूंनी कागद हातात धरला, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"छान आलंय. कोण आहे ही?"

तेव्हापासून मी फक्त झाडं काढते. झाडं विचारत नाहीत.

*

शेवटी एका रविवारी आम्हीच सरांच्या मागे लागलो. काकू डाळिंबी साडी नेसून, गजरा माळून खिडकीशी बसल्या. दोन तास. मधे एकदा कुकरची शिट्टी झाली तरी उठल्या नाहीत.

चित्र झालं. त्यात खिडकी होती, तांब्याचा हंडा होता, पांढरी भिंत होती.

"अहो, मी कुठाय?"

सरांनी भिंतीवरच्या गुलाबी छटेवर बोट ठेवलं. "ही काय. तुझ्या साडीवरून ऊन उसळलंय ना, ते. काय सुंदर आलंय बघ."

काकू आमच्याकडे वळल्या. "एवढ्या वर्षांच्या संसारात मी भिंतीवरचा डाग झाले!"

आम्ही पोट धरधरून हसलो. सगळ्यात जास्त मी. काकू उठून कुकर बघायला गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आत जाऊन बघावं, हे चौघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

*

पुढच्या थंडीत काकू गेल्या. ताप काय आला आणि चार दिवसांत सगळं संपलं.

दोन-तीन महिन्यांनी सरांचा फोन आला. "जरा येतेस?" गेले, तर स्टँड स्वयंपाकघरात लावलेला. सरांनी काकूंची रोजची सुती साडी माझ्या हातात दिली. "ही नेसून ओट्याशी उभी राहशील? मला फक्त ऊन कसं पडतं ते बघायचंय. बाकी तिचं सगळं मला पाठ आहे."

मी उभी राहिले. सर म्हणाले, "मान थोडी खाली." मी केली. "पदर खोच." खोचला. मग ब्रश चालू झाला. कणकेच्या डब्याकडे बघत मी तास-दीड तास तशीच. श्वासही बेताने घेत होते.

ब्रश खाली ठेवल्याचा आवाज आला, तशी मी पलीकडे जाऊन बघितलं. ओटा होता. पदर होता, खांद्यावरचं ऊन होतं, बांगड्या होत्या, अगदी काकूंचेच हात होते. चेहऱ्याच्या जागी कोरा कॅनव्हास.

"सर, चेहरा?"

सर कितीतरी वेळ ब्रश पुसत राहिले.

"तू हललीस," ते म्हणाले.