शाळा लवकर सुटली तर मूल थांबणार कुठे?

मंडळी, आज दुपारी लालबागला आमच्या इमारतीखाली दुसरीतली एक मुलगी रडत उभी होती. शाळा अचानक लवकर सुटलेली आणि घराला कुलूप.

मी तिला शेजारच्या वह्यांच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "आजी, उगाच भानगड नको."

"भानगड कसली? तिला स्टूल दे. ओळखपत्रावर नंबर आहे, आईला फोन लाव."

मुलगी हुंदके देत म्हणाली, "अनोळखी माणसांशी बोलायचं नाही, मम्मीने सांगितलंय."

"बरोबर सांगितलंय. बोलू नकोस, नुसती बस."

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हरताळ पडला की आमची शाळा मधेच सुटायची. आईवडील गिरणीत, रस्त्यावर दगडफेक. कोपऱ्यावरचे मसालेवाले काका दुकानाला फळ्या लावण्याआधी आम्हा मुलांना आत ओढायचे. मिरच्यांच्या पोत्यांवर बसून आम्ही शिंकत शिंकत पाढे म्हणायचो. प्रत्येकाची आई त्यांना ठाऊक होती. ती दारात आल्याशिवाय कुणाची सुटका नसे.

आज त्या मुलीची आई फोन मिळताच धावत आली. रोज त्याच दुकानावरून जाते, पण दुकानदाराने तिला "तुम्ही कोण?" असं विचारलं.

उद्या मुलाला घेऊन वाटेवरच्या एका दुकानात जा आणि ओळख करून द्या. तुम्ही कुठलं दुकान निवडाल?